तुम्ही विचारलंत म्हणून: "दोन्ही व्हर्जन ठेवायला काय होतंय?"

सांगलीत विश्रामबागला चहाच्या गाड्यावर असो नाहीतर मिरजेत कॉलेजच्या पोरांना लिनक्स दाखवायला गेलेलो असो, हा प्रश्न ठरलेला. "दादा, एका सॉफ्टवेअरला लायब्ररीचं जुनं व्हर्जन पायजे, दुसऱ्याला नवं, मग ज्याला त्याला आपापलं द्या की, त्यात महिना महिना अडकायचं काय?" मी डेबियन या लिनक्ससाठी पॅकेज बांधतो, म्हणजे सॉफ्टवेअर त्यावर बसेल असं तयार करून देतो, म्हणून मलाच विचारतात, आणि उभ्या उभ्या सांगायला गेलं की अर्धंच सांगून होतं, म्हणून आता बसून लिहितोय.

लायब्ररी म्हणजे बऱ्याच प्रोग्रॅमनी मिळून वापरायचा तयार कोड. तो ज्याला त्याला आपापला देता येतो, नाही असं नाही. मोबाइलवर बरंचसं तसंच चालतं. पण 2023 च्या सप्टेंबरात काय झालं बघा, वेबपी फोटो उघडणाऱ्या लायब्ररीत मोठं भोक सापडलं, मुद्दाम बिघडवलेला एक फोटो उघडला तरी मशीन दुसऱ्याच्या हातात जाऊ शकेल असलं. डेबियनमध्ये लिबवेबपी हे एक पॅकेज दुरुस्त झालं आणि त्याच्यावर टेकलेले प्रोग्रॅम बंद करून परत चालू केले की सुटले. पण ज्या ॲप्सनी लायब्ररीची स्वतःची कॉपी पोटात घेतली होती त्यातल्या प्रत्येकाच्या अपडेटची वेगळी वाट बघायला लागली, आणि कुणाच्या पोटात कुठली कॉपी आहे हे वापरणाऱ्या माणसाला कळणार कसं? माझ्या आईच्या लॅपटॉपवर हे कोण बघत बसणार? म्हणून एकच कॉपी आणि ती सगळ्यांची हा नियम मला मनापासून पटतो, त्याच्यापायी चार रात्री गेल्या तरी चालतील.

आता दोन व्हर्जन शेजारी शेजारी ठेवायचं. सी मधल्या लायब्ररीचं जमतं, कारण फाइलच्या नावातच नंबर असतो. डेबियन 11 मध्ये लिबएसएसएल1.1 होतं, 12 मध्ये लिबएसएसएल3 आलं, नावं वेगळी म्हणून एका डिस्कवर दोन्ही नांदू शकतात. पायथॉन भाषेचं तसं नाही. सिस्टीमच्या फोल्डरात नमपाय (पायथॉनची आकडेमोडीची लायब्ररी) नावाचं एकच फोल्डर, प्रोग्रॅमनं नमपाय मागितलं की तेच मिळणार. पोरं म्हणतात व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रत्येक कामाला लायब्ररींचा वेगळा संच) करा, स्वतःच्या कामाला जरूर करा, मीपण करतो. पण तुमच्या प्रोग्रॅमला नमपाय जुनं पायजे आणि तो ज्या आलेखाच्या लायब्ररीवर चालतो तिला नवं पायजे, तर दोघं एकाच प्रोसेसमध्ये, म्हणजे एकाच चालू प्रोग्रॅममध्ये आहेत ना, तिथं एन्व्हायर्नमेंट कितीही बनवा, नमपाय एकच राहणार.

खरी गाठ इथं आहे, आणि ती सोडवायची म्हणजे काय करायचं ते एका पॅकेजवरनं सांगतो.

मी एक लहान पॅकेज सांभाळतो, पावसाच्या आणि नदीच्या पातळीच्या नोंदी घेऊन आलेख काढणारं. सांगलीत राहणाऱ्याला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको, कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी 40 फुटाला इशारा आणि 45 ला धोका हे आमच्याकडं शाळकरी पोरालापण पाठ असतं, 2019 ला तर पाणी 57 फुटांच्याही वर गेलं होतं. तर डेबियन 12 मध्ये नमपाय 1.24 होतं, तिथं हे सगळं छान चालायचं. जून 2024 ला नमपाय 2.0 आलं, डेबियन 13 त्या नव्यावरच जाणार होतं, आणि माझ्या पॅकेजच्या मूळ लेखकानं आवश्यकतेच्या यादीत लिहिलेलं: नमपाय >=1.21, <2, म्हणजे 1.21 किंवा पुढचं, पण 2 च्या आधीचं.

ही ओळ मी कितीतरी वेळ बघत बसलो. मशीनला ती म्हणजे भिंत, पण शेवटी ते एका माणसाचं म्हणणं आहे, की 2 वर हे चालणार नाही. खरंच चालवून बघून लिहिलंय का नुसतं भीतीनं? हे त्या ओळीवरनं कळत नाही, करूनच बघायला लागतं. मी स्वच्छ क्रूटमध्ये (बाकी सिस्टीमपासनं वेगळ्या कोऱ्या जागेत) ती अट काढली, बिल्ड लावला आणि टेस्ट तीन ठिकाणी पडल्या. तिन्हीकडं एनपी.फ्लोट_ (एनपी म्हणजे नमपाय) वापरलेलं, ते नाव 2.0 मध्ये काढून टाकलंय, आणि एररमध्येच लिहून येतं की त्याच्याऐवजी फ्लोट64 वापरा. तीन ओळींचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा तुकडा. सगळ्या टेस्ट पास. खरं सांगायचं तर त्याच रात्री अपलोड करून टाकायचं मनात होतं.

पण सकाळी एकदा डोळ्यानं बघावं म्हणून 2019 च्या ऑगस्टच्या नोंदी टाकून आलेख काढला, तर धोक्याच्या लाल रेषेवर 45.0 च्या जागी एनपी.फ्लोट64(45.0) असं छापलेलं. नमपाय 2 मध्ये सुट्या आकड्याचं रेप्र (छापताना दिसणारं रूप) बदललंय, पुढं प्रकार लिहून येतो, आणि या प्रोग्रॅममध्ये लेबल रेप्रवरनं बनत होतं. एकही टेस्ट हे पकडत नव्हती. म्हणजे ती <2 ची अट अगदीच खोटी नव्हती, फक्त तिचं कारण कुठं लिहिलेलं नव्हतं. तवापासनं मी अट नुसती खोडत नाही, आधी तो प्रोग्रॅम ज्या कामाला आहे ते काम त्याच्याकडनं करून घेतो. महिना जातो तो ह्याच्यात, पॅच लिहायला तासभरपण लागत नाही.

शिवाय नमपाय 1 वर कंपाइल केलेलं एक्स्टेन्शन (पायथॉनला जोडलेला सी सारख्या भाषेतला भाग) 2 वर चालतच नाही, त्यामुळं असली एक्स्टेन्शनवाली पॅकेजं सगळी परत बांधायला लागतात, त्यातलं एखादं बिल्डच झालं नाही की त्याच्यावरची बाकीचीपण तुंबतात. याला आम्ही ट्रान्झिशन म्हणतो.

फ्लोट_ चा आणि लेबलचा असे दोन्ही पॅच मूळ लेखकाला पाठवले, कारण फक्त डेबियनमध्ये ठेवले तर दरवेळी नव्या रिलीजला मलाच परत बसवायला लागणार, आणि फेडोरा या दुसऱ्या लिनक्सवाल्यांना तेच सगळं पहिल्यापासनं शोधायला लागणार. त्यानं मनापासून आभार मानले, अट लिहिली तेव्हा 2 आलंच नव्हतं म्हणून खबरदारी घेतली होती असं सांगितलं, आणि लेबलसाठी एक टेस्टपण लिहून दे म्हणाला. दिली लिहून. त्या टेस्टमध्ये आकडा 45 च ठेवलाय.