इओलियन बेटांभोवती शिडाच्या बोटीने: आठवड्याचा मार्ग आणि रात्रीचे मुक्काम

सिसिलीच्या उत्तरेला सात बेटं आहेत: व्हल्कानो, लिपारी, सालिना, पनारेआ, स्ट्राँबोली, फिलिकुदी, आलिकुदी. सगळी ज्वालामुखीतून आलेली. नकाशावर ती हाकेच्या अंतरावर दिसतात, त्यामुळे आठवड्यात सातही उरकायचा बेत बरेच गट करतात आणि तिथेच फसतात. डोंगर पाण्याखालीही तितकाच उभा उतरतो, त्यामुळे बहुतेक किनाऱ्यांना नांगर टाकण्याजोगी खोली सापडत नाही. जिथे सापडते ती जागा एका वाऱ्यात निवांत, तर दुसऱ्यात रात्रभर जागरण. बेत आखायचा तो बेटांच्या यादीवरून नाही, रात्री बोट कुठे उभी राहील यावरून.

महिना निवडायचा असेल तर जून किंवा सप्टेंबर. ऑगस्टमध्ये, विशेषतः १५ तारखेच्या आसपास, अख्खी इटली सुट्टीवर असते आणि बंदरात जागा मिळणं मुश्कील.

बोट पोर्तोरोसा किंवा मिलाझ्झोहून घ्यावी. कातानिया विमानतळावरून गाडीने दीड-दोन तास लागतात. ताबा शनिवारी दुपारनंतर मिळतो. ४५ फुटी बोटीत चार केबिन असतात आणि कागदावर आठ जण मावतात. स्किपर (बोट चालवणारा) भाड्याने घेतलात तर एक केबिन त्याची, म्हणजे तुम्ही सहा. स्वतःच चालवणार असाल तर कोणता परवाना चालेल हे कंपनीकडून आगाऊ रक्कम भरण्याआधी लेखी घ्या. भारतातून येणाऱ्यांनी शेंगेन व्हिसाच्या अर्जाला बोटीचा करार, क्रू लिस्ट (बोटीवरच्या सगळ्यांची यादी) आणि पहिल्या व शेवटच्या रात्रीचं हॉटेल जोडावं. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. चाकांच्या कडक बॅगा आणू नका, बोटीत त्या ठेवायला जागा नसते. कापडी बॅग रिकामी झाली की घडी होते.

पोर्तोरोसा ते व्हल्कानो सुमारे १८ सागरी मैल. पहिल्या रात्रीसाठी पश्चिमेचं पोर्तो दी पोनेन्ते चांगलं: तळाला काळी वाळू, खोली ५ ते ८ मीटर. खोली ६ मीटर आणि डेकची उंची १ मीटर धरली, तर पाचपट म्हणजे ३५ मीटर साखळी सोडा. मग इंजिन रिव्हर्समध्ये घालून हळूहळू जोर वाढवा आणि अर्धा मिनिट तसंच ठेवा. किनाऱ्यावरची दोन झाडं किंवा घरं एका रेषेत धरून बघा. ती रेषा सरकली तर नांगर घसरतोय. पोहणाऱ्याने गॉगल लावून खाली एक नजर टाकली की शंका उरत नाही. इथे आग्नेयेच्या शिरोक्को वाऱ्यात आसरा मिळतो, पण वायव्येच्या मायेस्त्राले वाऱ्यात थांबू नका. तेव्हा बेटाच्या दक्षिण टोकाला जेल्सोला जा. हवामानाचा अंदाज व्हीएचएफ (बोटीवरच्या रेडिओ) च्या ६८ क्रमांकाच्या चॅनलवर अखंड ऐकू येतो. सकाळ-संध्याकाळ ऐकून वहीत लिहा.

व्हल्कानोचं विवर ३९१ मीटर उंचावर आहे. चढ तासाभराचा, सावली नाही, म्हणून सकाळी सातला निघावं. २०२१ मध्ये वायूचं प्रमाण वाढल्यावर वाट बंद केली होती, तेव्हा चालू आदेश बंदरावर विचारून घ्या. दमा असलेल्यांनी वर जाऊ नये. धूर निघतो त्या भेगांजवळ आणि खोलगट जागी रेंगाळू नका, तिथे कार्बन डायऑक्साइड साचतो. चांदीचे दागिने बोटीवरच काढून ठेवा, गंधकाच्या वायूने ते काळे पडतात.

लिपारी पाणी, डिझेल आणि बाजारहाटासाठी. बाकीच्या बेटांवर किराणा महाग मिळतो आणि गोड पाणी जहाजाने आणलेलं असतं. आठ जणांनी प्रत्येकी २५ लिटर वापरलं तर दिवसाला २०० लिटर; ४०० लिटरची टाकी दोन दिवसांत कोरडी. भांडी आधी समुद्राच्या पाण्याने घासा, शेवटचा हात तेवढा गोड्या पाण्याचा. बेटाच्या ईशान्येला प्युमिस या सच्छिद्र ज्वालामुखी दगडाच्या जुन्या खाणी आहेत. तिथलं फिकट निळं पाणी दुपारी पोहायला सुंदर, पण प्युमिसचे हलके खडे तरंगतात आणि इंजिनाच्या पाण्याच्या गाळणीत अडकू शकतात. रोज सकाळी गाळणी उघडून साफ करा. इंजिन सुरू केल्यावर एक्झॉस्टमधून पाणी पडतंय ना, हे एकाने मागे वाकून बघायचंच. पडत नसेल तर लगेच बंद करा, नाहीतर आतला रबरी पंखा जातो.

लिपारीहून सालिनाच्या सांता मारीना बंदरात १० मैल. बोट मागून धक्क्याला लावायची असते, आणि नवख्यांचा गोंधळ नेमका इथे होतो. फेंडर (बोट घासू नये म्हणून लावायचे फुगे) आधी दोन्ही बाजूंनी बांधा. वाऱ्याकडचा मागचा दोर पहिल्यांदा द्या. धक्क्यावरचा माणूस पाण्यातला जो दोर उचलून देतो तो शंख-शिंपल्यांनी भरलेला असतो, हातमोज्याशिवाय धरलात तर तळवे सोलतात. तो ताणत पुढच्या टोकाशी नेऊन घट्ट बांधेपर्यंत प्रोपेलर फिरता कामा नये. दोर त्यात गुंडाळला की पाणबुड्या बोलवावा लागतो. सूचना एकानेच द्यायच्या. सहा जण एकदम ओरडले की बोट शेजाऱ्यावर जाते.

शाकाहाऱ्यांचे इथे हाल नाहीत: वांग्याचा नोर्मा पास्ता, कापोनाता (वांग्याची आंबटगोड भाजी), सालिनाचे केपर (खारवलेल्या कळ्या). पाने कुन्झातो (वर जिन्नस घातलेला पाव) ट्यूना-अँकोव्ही या माशांशिवाय मागा. ग्रानिता या बर्फाच्या गोड पदार्थासोबतच्या ब्रिऑश पावात अंडं असतं. तीन लिटरचा कुकर सोबत आणला तर खिचडी सोपी, पण भांडं अडकवायच्या पट्ट्या शेगडीला आहेत का ते ताबा घेतानाच बघा.

पनारेआ ११ मैल, तिथून स्ट्राँबोली १२. स्ट्राँबोलीचा दिवस आधी ठरवू नका. वारा मंद असेल तो दिवस तिचा. किनारा उघडा आणि खोल, वस्तीसमोर बोया (बोट बांधायचा तरंगता पिंप) घ्यावी लागते आणि शांत हवेतही डोल असतोच. बोट लागणाऱ्यांनी ॲव्होमीनची गोळी तासभर आधी घ्यावी, उलटी सुरू झाल्यावर उपयोग नाही. गोळीने गुंगी येते, तेव्हा तो माणूस सुकाणूवर नको.

पनारेआहून दुपारी चारला निघून अंधार पडता पडता वायव्येच्या शिआरा देल फुओकोसमोर या. ही लाव्हाची उघडी घसरण थेट समुद्रात उतरते. साधारण दहा ते वीस मिनिटांनी वर लाल कारंजं उडतं. आवाज मागाहून येतो, त्यामुळे नजर शिखरावरच ठेवा. डिसेंबर २००२ मध्ये हीच घसरण समुद्रात कोसळून त्सुनामी आली होती. जुलै २०१९ च्या स्फोटात एका गिर्यारोहकाचा जीव गेला. कोस्ट गार्डच्या आदेशातलं अंतर पाळा, फोटोसाठी आत सरकू नका. डेकवरचे दिवे बंद, पण नॅव्हिगेशनचे दिवे चालूच: अंधारात सहलीच्या बोटींची गर्दी असते. वर चढण्याचे नियम ज्वालामुखीच्या अवस्थेनुसार बदलतात, त्यामुळे वाटाड्याशी आदल्या दिवशी बोला. सकाळी डेकवर काळी राख असेल तर पुसू नका, रंगावर चरे पडतात. बादलीने पाणी ओतून वाहू द्या.

फिलिकुदी सालिनाहून १५ मैल पश्चिमेला. एक दिवस हातात उरला तरच तिकडे वळा. आलिकुदी सोडून द्या, बोट उभी करायला तिथे धड जागा नाही.

गुरुवारची रात्र व्हल्कानो किंवा लिपारीतच काढा. शुक्रवारी संध्याकाळी बोट भरलेल्या टाकीसह परत द्यायची असते आणि पाचनंतर डिझेलच्या पंपावर रांग लागते, म्हणून तिथे तीनपर्यंत पोहोचा आणि पावती जपून ठेवा. तपासणीत पाणबुड्या तळ बघेल तेव्हा गटातला एक जण शेजारी उभा असू द्या, आणि ताबा घेताना काढलेले ओरखड्यांचे फोटो त्याच्या फोनमध्ये हवेत.