आज कुणी बोट उचलले नाही

पोर्ट ऑगस्टा, दक्षिण ऑस्ट्रेलिया, रात्री उशिरा.

सेडुना सोडल्यापासून मनाला काहीतरी टोचत होते. ते काय, हे इथल्या कॅरॅव्हॅन पार्कात, म्हणजे गाडीमागे ओढायची चाकांवरची घरे मुक्कामाला लावतात त्या जागी, चहाचे आधण ठेवताना उमगले: आज समोरून येणाऱ्या जवळजवळ कुणीच स्टिअरिंगवरचे बोट उचलले नाही.

नलरबॉरच्या पठारावर हा रिवाज कुणी न शिकवताच अंगवळणी पडतो. नॉर्समनपासून सेडुनापर्यंत आयर हायवेचे सुमारे 1,200 किलोमीटर, आणि त्यांतही बलाडोनिया ते कायगुना हे 146.6 किलोमीटर असे, की त्यांत एकही वळण नाही. समोरची गाडी आधी मृगजळात थरथरणारा ठिपका असते, मग तिच्यामागची कॅरॅव्हॅन दिसू लागते, आणि आपल्या शेजारून जाता जाता चालकाची तर्जनी इंचभर वर येते. हसू नाही, मान डोलावणे नाही, एवढेच. त्या पट्ट्यात गाडी माझ्या हाती असल्याने उत्तर देण्याचा मानही माझाच होता. ह्यांनी कितीही थट्टा केली तरी त्या बोटाने मला विलक्षण धीर येत असे. जिथे आजाऱ्यांसाठी येणाऱ्या फ्लाइंग डॉक्टरांचे विमान उतरावे म्हणून हमरस्त्यावरच धावपट्टीचे पांढरे पट्टे आखावे लागतात, तिथे ‘तुम्हांला पाहिले आहे’ एवढे कुणी कळवणे ही काही लहान गोष्ट नव्हे.

सेडुनाच्या तपासणी नाक्यावर उरलेली लिंबे आणि टोमॅटो टाकून द्यावे लागले. फळमाशीचा प्रश्न असल्याने त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यानंतर मात्र गव्हाची शेते सुरू झाली, गावे जवळ जवळ येऊ लागली आणि बोटे दिसेनाशी झाली. किम्बाच्या पुढे एकामागून एक तीन कॅरॅव्हॅन गेल्या. मी प्रत्येकीला बोट उचलले आणि तिघांनीही सरळ समोर पाहिले. निवृत्त झाल्यापासून आपण कुणाच्या खिजगणतीत नाही असे जे अधूनमधून वाटते, ते त्या क्षणी पुन्हा वर आले आणि डोळेसुद्धा भरून आले. धाकटीचा फोनही नेमका त्याच वेळी यायचा होता. घराबद्दल ती काय म्हणाली ते आज लिहीत नाही.

जेवताना ह्यांना सांगितले, तर हे म्हणाले, ‘अगं, इथे डार्विनचा, पर्थचा, ॲडलेडचा रस्ता एकत्र येतो. प्रत्येकाने प्रत्येकाला बोट उचलले तर स्टिअरिंग धरायचे कुणी?’ मी म्हटले, मग त्या मागे उघडा हौदा असलेल्या पिवळ्या यूटवाल्याने कसे उचलले? त्यावर शांतपणे उत्तर आले, की तो तुला हेडलाइट खाली कर म्हणत होता.

हे खरे असण्याचीच शक्यता अधिक आहे, आणि तरीही तो एक नमस्कार मी हिशेबातून वजा करणार नाही. मेलबर्नला पोहोचल्यावर आमच्या गल्लीत शेजारी कुठे रोज मान वर करून बघतात! त्याचे इतकी वर्षे वाईट वाटले नाही. चार दिवस ओसाड रानात लाड झाले म्हणून सवयी बिघडल्या, एवढेच.

उद्या ॲडलेडपर्यंत गाडी हे चालवणार आहेत. माझे दोन्ही हात मोकळे असतील.