अमेरिकेत डॉक्टर व्हायचं तर आधी कुठलं कॉलेज? माझा अनुभव

भारतातल्या नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला असतो: "मेडिकलला नंबर लागला का?" अमेरिकेत बारावीनंतर लगेच असा नंबर लागत नाही, हे दर वेळी नव्याने समजवावं लागतं. इथे आधी चार वर्षांची पदवी, मग चार वर्षांचं मेडिकल स्कूल, मग रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण. न्यू जर्सीत राहून लेकीसाठी पदवीचं कॉलेज निवडताना जे तपासलं, ते इथे लिहिते आहे.

'प्री-मेड' नावाची पदवी नसते. कॉलेज ज्याला प्री-मेड म्हणतं ती फक्त सल्ल्याची सोय. पदवी कशातही घ्या, इतिहासात किंवा संगीतातही, पण ठरावीक विषय झालेले लागतात: बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑर्गॅनिक केमिस्ट्री आणि फिजिक्स, प्रत्येकी साधारण वर्षभर, प्रयोगशाळेसह. शिवाय बायोकेमिस्ट्रीचं एक सेमिस्टर, स्टॅटिस्टिक्स आणि इंग्रजी लेखनाचे तास. मेडिकल प्रवेशाच्या एमकॅट परीक्षेत मानसशास्त्र आणि समाजशास्त्राचा वेगळा भाग असतो, म्हणून त्यांचाही एकेक कोर्स करून ठेवलेला बरा. एमकॅटचे चार भाग, प्रत्येकाचे गुण ११८ ते १३२, एकूण ४७२ ते ५२८. प्रवेश मिळालेल्यांची सरासरी अलीकडे ५१२ च्या आसपास आणि जीपीएची (ग्रेडची सरासरी, ४ पैकी) ३.८ च्या जवळ आहे. ही सरासरी आहे, किमान अट नव्हे, पण कॉलेज निवडताना हे दोन आकडे डोळ्यांसमोर असू द्या.

कारण पुढे सगळं जीपीएवर येतं, आणि तो कॉलेज काढतं तसा धरला जात नाही. बहुतेक मेडिकल स्कूलांचे अर्ज ॲमकॅस या सामायिक व्यवस्थेतून जातात. तिथे प्रत्येक कोर्स पुन्हा मोजतात आणि मुख्यतः दोन आकडे बघतात: एकूण जीपीए, आणि बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, गणित एवढ्यांचाच वेगळा जीपीए. तोच कोर्स पुन्हा केला तर काही कॉलेजं जुना ग्रेड पुसतात. ॲमकॅस दोन्ही धरतं. हिशेब करून बघा. विज्ञान-गणिताचे ४५ क्रेडिट आहेत, त्यातल्या ४१ चा जीपीए ३.९ आणि ऑर्गॅनिकच्या ४ क्रेडिटना 'सी' (२.०). विज्ञानाचा जीपीए येतो ३.७३. तोच कोर्स पुन्हा करून 'ए' (४.०) मिळवला तर ३.७५. म्हणजे एक अख्खं सेमिस्टर आणि फी घालून कमाई दोन शतांशांची. त्यापेक्षा मुदतीच्या आत कोर्समधून माघार घेऊन ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रिकेवर) एखादा 'डब्ल्यू', म्हणजे माघारीची खूण, आलेला परवडतो. माघारीची शेवटची तारीख प्रत्येक कॉलेजात वेगळी असते, ती विचारून घ्या.

पहिलं वर्ष घसरलं तर? ३० क्रेडिट ३.३ ने आणि पुढचे ६० क्रेडिट ३.९ ने, तर तिसऱ्या वर्षाअखेर जीपीए होतो ३.७०. पदवीनंतर लगेच मेडिकलला जायचं असेल तर अर्ज तिसऱ्या वर्षाच्या शेवटी, मे-जूनमध्येच भरावा लागतो. चौथ्या वर्षाचे ग्रेड त्यात येतच नाहीत. पदवीनंतर मध्ये एक वर्ष घेतलं आणि चौथ्या वर्षाचे ३० क्रेडिटही ३.९ ने आले, तर तोच आकडा ३.७५ वर जातो. आपल्याकडे 'वर्ष वाया गेलं' म्हणतात, पण इथे मेडिकलला येणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त मुलं असं किमान एक वर्ष घेऊनच येतात.

आता मेजरचं, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयाचं. बायोमेडिकल इंजिनिअरिंग आपल्या लोकांत भलतंच लोकप्रिय: डॉक्टर नाही झालं तर नोकरी तरी आहे, हा हिशेब. माझं मत विरुद्ध आहे. त्यात कोर्स जास्त, ग्रेड कडक, आणि मेडिकलला लागणारे बायोलॉजी-ऑर्गॅनिकचे काही कोर्स बहुतेक वेळा पदवीच्या बाहेर वर घ्यावे लागतात. शिवाय इंजिनिअरिंगचे कोर्स ॲमकॅसच्या विज्ञान जीपीएत धरत नाहीत, म्हणजे घाम तिकडे आणि आकडा इकडे. मुलीला इंजिनिअरिंग मनापासून आवडत असेल तर गोष्ट वेगळी. 'हेल्थ सायन्स' नावाच्या पदव्यांचंही तसंच: नावात विज्ञान असलं तरी न्यूट्रिशन, पब्लिक हेल्थ हे कोर्स विज्ञानात मोजले जात नाहीत. उलट स्टॅटिस्टिक्स मानसशास्त्र विभागाने शिकवलं तरी गणितात धरतात आणि न्यूरोसायन्स साधारणपणे बायोलॉजीत जातं. विभागाचं नाव नव्हे, कोर्समध्ये काय शिकवलं ते बघतात.

कॉलेजला भेट देताना इमारती दाखवतात. तुम्ही प्री-हेल्थ सल्लागाराची वेळ मागून घ्या. "तुमच्याकडचे किती जण मेडिकलला जातात?" यावर ८०-८५ टक्क्यांसारखा आकडा ऐकायला मिळतो. लगेच विचारायचं: कोणापैकी? काही कॉलेजांत अर्जासोबत कमिटीचं शिफारसपत्र जातं आणि ठरावीक जीपीएखालच्या मुलांना ते मिळतच नाही. ती मुलं अर्ज करायला कचरतात, मग टक्केवारी आपोआप गोड दिसते. खरा प्रश्न असा: पहिल्या वर्षी जनरल केमिस्ट्रीला बसलेल्यांपैकी शेवटी किती जण अर्ज करतात? उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर तेही उत्तरच. ऑर्गॅनिकच्या वर्गात किती मुलं, ग्रेड कर्व्हवर (वर्गातल्या इतरांशी तुलना करून) आहेत का, प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना प्राध्यापक भेटतात की फक्त टीए (शिकवायला मदत करणारे विद्यार्थी), हेही विचारा. चारशे जणांच्या वर्गात शिफारसपत्र कोणाकडून मागणार?

हॉस्पिटल जवळ आहे का, हे नकाशात बघण्याइतकं सोपं, तरी सुटतं. डॉक्टरांबरोबर शॅडोइंग (सोबत राहून काम बघणं), रुग्णांशी थेट संबंध येणारं काम, स्क्राइबची (डॉक्टरांच्या नोंदी लिहिण्याची) किंवा ईएमटीची (रुग्णवाहिकेवरची) नोकरी हे सगळं सेमिस्टर चालू असताना आठवड्याला तीन-चार तास होत राहावं लागतं. गाडीशिवाय पोचता येईल असं हॉस्पिटल नसेल तर ते उन्हाळ्यावर ढकललं जातं, आणि तीन उन्हाळ्यांतला एक एमकॅटच्या अभ्यासातच जातो.

पैशाचा भाग सर्वात निर्णायक, निदान आमच्या घरी. नामांकित खासगी कॉलेजांचा वर्षाचा एकूण खर्च आता ९०,००० डॉलरच्या घरात गेला आहे. राज्याच्या विद्यापीठात स्थानिकांना तो निम्म्याहून कमी पडतो. आणि पुढचं कर्ज आटलं आहे: १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज बंद, मेडिकलसाठी सरकारी कर्ज वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलरपर्यंतच. बऱ्याच मेडिकल स्कूलांचा चार वर्षांचा खर्च याच्या वर जातो. पदवीवर वाचवलेले पैसे तिथे लागतील. म्हणून मी राज्याच्या विद्यापीठाच्या बाजूने आहे. नावाचा थोडा फायदा असेलही, पण तो ३.५ आणि ३.८ मधला फरक भरून काढत नाही.

पदवी आणि मेडिकल एकत्र देणारे सात-आठ वर्षांचे थेट कार्यक्रम हा वेगळा रस्ता. ब्राऊन विद्यापीठाचा पीएलएमई आठ वर्षांचा, आणि ब्राऊनच्याच मेडिकल स्कूलसाठी एमकॅट लागत नाही. आमच्या राज्यात कॉलेज ऑफ न्यू जर्सी आणि न्यू जर्सी मेडिकल स्कूल मिळून सात वर्षांचा चालवतात. जागा मोजक्या. अटी बारीक अक्षरात वाचा: किमान जीपीए किती, एमकॅट लागते का, आणि बाहेर अर्ज केला तर राखलेली जागा जाते का.

एच-४ वर (एच-१बी वर काम करणाऱ्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) असलेल्या मुलांच्या आईवडिलांनी मात्र हे सगळं बाजूला ठेवून आधी व्हिसा बघायचा. वयाच्या २१ व्या वर्षी एच-४ संपतो आणि भारतीयांची ग्रीन कार्डची रांग सगळ्यांना माहीत आहे. मेडिकलच्या अर्जाच्या वेळी मूल एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असेल तर अनेक स्कूलं दारातच नाही म्हणतात, सरकारी कर्ज मिळत नाही, आणि काही ठिकाणी फीचे पैसे आगाऊ एस्क्रोत (त्रयस्थाच्या खात्यात) ठेवायला सांगतात. कोणती स्कूलं परदेशी विद्यार्थी घेतात ते मेडिकल स्कूलांची संघटना एएएमसी हिच्या एमएसएआर या सशुल्क यादीत कळतं. पुण्या-मुंबईत बी.एस्सी. करून इकडे मेडिकलला येऊ म्हणणाऱ्यांसाठीही एक सूचना: बहुतेक स्कूलांना आवश्यक विषय अमेरिकेतल्या किंवा कॅनडातल्या कॉलेजात केलेले हवे असतात, आणि भारतातली मार्कशीट ॲमकॅस पडताळत नाही.

हायस्कूलमधल्या एपी, म्हणजे कॉलेज पातळीच्या कोर्सच्या, क्रेडिटचा मोह आवरा. केमिस्ट्रीत ५ पैकी ५ मिळाले म्हणून कॉलेजचा कोर्स सोडला तर काही मेडिकल स्कूलं ते क्रेडिट मानत नाहीत, किंवा त्याच विषयातला वरचा कोर्स मागतात. गणिताचं एपी वापरायला सहसा हरकत नसते.

बहुतेक कॉलेजांना १ मेपर्यंत होकार आणि डिपॉझिट द्यावं लागतं. त्यानंतर उन्हाळ्यात पहिल्या सेमिस्टरचे कोर्स ठरतात: जनरल केमिस्ट्री प्रयोगशाळेसह, गणित, लेखनाचा कोर्स आणि एखादा हलका विषय एवढं पुरे; बायोलॉजी सोबत घ्यायची घाई नको. गणिताची प्लेसमेंट परीक्षा (कुठल्या पातळीचा वर्ग मिळेल ते ठरवणारी) ओरिएंटेशनच्या आधीच उरकावी लागते, आणि मुलं ती सुट्टीच्या मूडमध्ये, तयारीशिवाय देतात. अनेक कॉलेजांत त्यात खालचा वर्ग लागला तर जनरल केमिस्ट्रीला बसू देत नाहीत. मग ती पुढच्या सेमिस्टरला, ऑर्गॅनिक त्याच्यामागे, बायोकेमिस्ट्री आणखी मागे, आणि तिसऱ्या वर्षाच्या वसंतातली एमकॅट तिथेच हातची जाते.