शिव्या होल्स्टरला, दोष पट्ट्याचा

पिस्तुलाचं लायसन्स, खरेदी, पोलीस ठाण्यातली नोंद, सगळं रीतसर पार पडलं. मला छळलं ते होल्स्टरनं, म्हणजे कमरेच्या पट्ट्यावर पिस्तूल अडकवायच्या कव्हरानं, चार महिने.

साताऱ्याजवळ माझा पेट्रोल पंप आहे. रोकड भरायला बँकेत मीच जातो, म्हणून .३२ बोअरचं अशनी पिस्तूल घेतलं. दुकानदारानं सोबत चामड्याचं होल्स्टर गळ्यात मारलं. घरी रिकामं पिस्तूल उपसून बघितलं, तर पिस्तुलाबरोबर होल्स्टरही वर. पट्टा बरगडीला टेकला, पिस्तूल आतच. बायको म्हणाली, "चोराला सांगा, जरा दम धर म्हणून."

दुकानात फोन केला. "साहेब, वापरून सैल होतं." महिनाभर वाट पाहिली. त्यात पावसाळा, चामडं भिजलं, वाळलं आणि आणखी आवळलं. पुन्हा फोन. आता उत्तर, "चामडं जुनं झालं, प्लास्टिकचं घ्या." घेतलं. त्याला पकड कमी-जास्त करायचा स्क्रू. सैल केला तर नोझल उचलायला वाकलो आणि पिस्तूल अर्धं बाहेर. आवळला तर पुन्हा बरगडी. रोज रात्री स्क्रूड्रायव्हर घेऊन पाव आटा इकडं, पाव आटा तिकडं. शेवटी दुकानदार म्हणाला, "पट्टाच जरा घट्ट बांधा." बांधला. दोन दिवस घास उतरेना.

मग अपशिंग्याचे एक निवृत्त सुभेदार डिझेल भरायला आले. मी रडगाणं गायलो. त्यांनी होल्स्टरला हातही लावला नाही, पट्टा चिमटीत धरून पिळला. तो चक्क मुरडला. टेप लावली: पट्टा ३० मिलिमीटर, होल्स्टरची पट्टा ओवायची खाच ४५. "मालक, ही पँट सांभाळायची वादी आहे. हिच्यावर काय टिकणार?"

एवढंच होतं! आणि विकणाऱ्यानं चार महिन्यांत एकदाही पट्टा किती रुंद, हे विचारलं नाही.

राजवाड्याजवळ चामड्याचं काम करणाऱ्या काकांकडून दुपदरी, शिवलेला ३८ मिलिमीटरचा पट्टा करून घेतला. खाचेतली उरलेली फट सायकलच्या ट्यूबचे तुकडे घालून भरली. स्क्रूही जागेवर बसला: होल्स्टर उलटं धरून हलवलं तरी रिकामं पिस्तूल पडत नाही, हातानं ओढलं की सरळ निघतं.

जागा उजव्या कमरेच्या हाडामागं, मूठ किंचित पुढं झुकलेली. मनगट वाकवावं लागत नाही. उंचीची खूण अशी, की पिस्तूल आत असतानाच मधल्या बोटापासून करंगळीपर्यंतची तिन्ही बोटं मुठीवर पूर्ण बसली पाहिजेत. पट्टा आड आला तर होल्स्टर वर घ्या. फार वर घेतलं तर उपसताना हात काखेत जातो. फार खाली गेलं तर गाडीत बसताना सीटला अडतं.

हे खरं तर आधी सांगायचं होतं: उपसायचा सराव रिकाम्या पिस्तुलानंच. मॅगझिन काढा, स्लाइड (वरचा सरकता भाग) मागं ओढून चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, डोळ्यांनी बघा, बोटानंही चाचपा. काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात. बोट ट्रिगरवर नाही, बाजूला सरळ. परत ठेवताना तर मुळीच घाई नको. शर्टाचं टोक ट्रिगरमध्ये अडकू शकतं, माझं एकदा अडकलं होतं.

आणि पावसाळ्यात रात्री चामड्याच्या होल्स्टरमध्ये पिस्तूल ठेवू नका. माझ्या स्लाइडवर गंजाचा ठिपका अजून आहे.