काउंट्स छान आहेत, हाडांचं विचारा

बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालंय म्हटलं की लोक हमखास विचारतात, 'काउंट्स कसे आहेत आता?' काउंट्स, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, एकदम छान. धाकट्या भावाच्या स्टेम सेल्स माझ्या मज्जेत अशा रुळल्यात की माझा रक्तगटही आता त्याचाच झालाय. सध्या माझं सगळं भांडण हाडांशी आणि शुगरशी आहे. त्याबद्दल मात्र कोणी विचारत नाही.

डेक्साचा, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या स्कॅनचा, रिपोर्ट आला तेव्हा मणक्याचा टी-स्कोर (निरोगी तरुण हाडांशी तुलना करणारा आकडा) उणे १.७ होता आणि खुब्याचा उणे २.६. उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ. आणि मी अजून चाळिशीतही नाही! पण कारणांची यादी काढली तर नवल वाटायला नको. ट्रान्सप्लांटआधीच्या जबर केमोने अंडाशयं थंडावली, पाळी गेली, इस्ट्रोजेन गेलं. मग जीव्हीएचडीसाठी, म्हणजे दात्याच्या पेशी माझ्याच शरीरावर उलटतात त्यासाठी, प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. हे औषध हाड बांधणाऱ्या पेशींना गप्प बसवतं, आतड्यातून कॅल्शियम कमी शोषू देतं आणि लघवीतून जास्त घालवतं. ऊन लागलं तर त्वचेची जीव्हीएचडी उसळू शकते म्हणून उन्हात जायचं नाही, म्हणजे ड जीवनसत्त्वाचीही बोंब. वर अंथरुणात घालवलेले महिने. झीज सगळ्यात वेगाने होते ती पहिल्या सहा ते बारा महिन्यांत. नंतर मणका बऱ्यापैकी सावरतो, खुबा मात्र रेंगाळतो.

हाडांची झीज रोखणाऱ्या झोलेड्रोनिक अॅसिडची सलाइन ठरली. त्याआधी दाताच्या डॉक्टरांकडे पाठवलं, कारण हे औषध चालू असताना दात काढावा लागला तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही. क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वही आधी तपासलं. सलाइन लावून झालं पटकन, पण रात्री सणकून ताप आला आणि सगळं अंग ठणकायला लागलं. ट्रान्सप्लांटच्या पेशंटला ताप म्हणजे आधी इन्फेक्शनची धास्ती, म्हणून लगेच फोन केला. पहिल्या डोसनंतर असं बऱ्याच जणांना होतं म्हणे. ही गोष्ट सलाइन लावण्याआधी सांगायला काय हरकत होती?

शुगरची गंमत वेगळीच. उपाशीपोटी ९२, म्हणून सगळे खूश. पण प्रेडनिसोलोन सकाळी घेतलं की त्याचा जोर दुपारी-संध्याकाळी चढतो. दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी तपासली तर २३८! एचबीए१सीवरही, म्हणजे लाल पेशींवरून काढलेल्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरच्या सरासरीवरही, विसंबता येत नव्हतं, कारण मध्ये रक्त चढवलेलं होतं, आणि दुसऱ्याच्या पेशींनी मिळून काढलेली सरासरी माझ्या काय कामाची? तेव्हा स्टेरॉइडवर असाल तर जेवणानंतरची शुगर बघाच. कोलेस्टेरॉल आणि थायरॉइडही अधूनमधून तपासायचे असतात, पण माझे तूर्त शहाण्यासारखे वागतायत.

मधे उजव्या जांघेत दुखायला लागलं. जिना चढताना जास्त. 'स्टेरॉइड कमी करताना अंग दुखतंच,' असं एका डॉक्टरांनी सांगितलं. एक्स-रे स्वच्छ, डेक्सा तर नुकतंच झालेलं. पण मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटून ते मरायला लागलं, तर सुरुवातीला एक्स-रेत दिसत नाही. डेक्सा फक्त घनता मोजतं, त्यात हे कळायचं नाही. एमआरआय लागतो. मी हट्टाने मागून घेतला. स्नायूच्या दोरीला सूज होती, बाकी काही नाही. तरी पुन्हा दुखलं तर पुन्हा मागेन.

सध्या मेहनत चाललीय ती मांड्यांवर. स्टेरॉइडने पोट सुटलं आणि मांड्या मात्र काटकुळ्या झाल्या. बुटक्या स्टुलावरून हात न टेकता उठता येईना. फिजिओने तोच व्यायाम दिलाय: खुर्चीवरून उठायचं, हाताची घडी घालून, सावकाश. पुढे झुकून झटका द्यायचा नाही, मणक्याला ते चालत नाही. उंच खुर्ची जमायला लागलीय. स्टूल अजून दाद देत नाही.