आमची वाटचाल : काटा शून्यावर का येतो?

मी मूळचा वारणेकाठचा. आयटीआय केलं, साखर कारखान्याच्या बॉयलर हाऊसला लागलो, तिथंच बॉयलर अटेंडंटची परीक्षा दिली आणि 6 गळीत हंगाम काढले. 45 किलोचं प्रेशर, अंगभर बगॅसची (उसाच्या चोयट्याची) धूळ आणि डोळा कायम ड्रमच्या गेज ग्लासवर, म्हणजे पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेवर, कारण तिथं पाणी खाली गेलं तर काय झालं ते सांगायला माणूस उरत नाही. 2007 ला बायकोला इंग्लंडात नर्सची नोकरी लागली आणि आम्ही लंडनजवळच्या स्लाऊला आलो. भाड्याच्या घरात किचनच्या भिंतीवर एक पांढरा डबा होता, घरमालक म्हणाला हा बॉयलर. मला हसूच आलं. ना वाफ, ना धुराडं, नुसतं पाणी तापवून, घर उबदार ठेवायला, खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमधून फिरवायचं. त्याच डब्यावर आज 3 घरं चालतायत, तेव्हा हसायचं काम नव्हतं.

सुरुवातीला एका प्लंबरच्या हाताखाली सामान उचलायचो. गॅसला हात लावायचा तर इथं रजिस्ट्रेशन लागतं, ते आधी कॉर्गी नावाच्या संस्थेकडे होतं, 1 एप्रिल 2009 पासून गॅस सेफ नावाच्या संस्थेकडे आलं. माझी एसीएस परीक्षा, म्हणजे गॅसचं काम येतं का ते तपासणारी, नेमकी त्या बदलाच्या नंतरची, त्यामुळे मला पहिल्यापासून गॅस सेफचं पिवळं कार्डच मिळालं. दर 5 वर्षांनी परत परीक्षा द्यायची, पहिली देताना वाटलं नव्हतं की म्हातारपणापर्यंत पिच्छा सोडणार नाही.

2011 ला जुनी व्हॅन घेऊन स्वतःचं काम चालू केलं. गिऱ्हाईक म्हणजे ओळखीतले मराठी, गुजराती, पंजाबी लोक. आणि पहिल्याच थंडीत तोंडावर आपटलो.

लंडनमधल्या हॅरोच्या एक काकू, मूळ चिपळूणच्या. फोन आला, घर गार पडलंय, बॉयलरवरचा प्रेशरचा काटा शून्यावर. गेलो, फिलिंग लूप (नळाचं पाणी सिस्टीममधे भरायची नळी) उघडला, प्रेशर 1.2 बार केलं, पैसे घेतले, निघालो. 8 दिवसांनी परत शून्य. परत भरलं, एक रेडिएटर वॉल्व ओला दिसला तो आवळला, परत पैसे घेतले. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा काकू चहा पुढं ठेवत म्हणाल्या, "अरे बाळा, घागर गळते आहे हे कळलं ना तुला? मग पाणी काय ओततोस सारखं?" मला काही बोलताच येईना. शेवटी त्यांनी दुसऱ्या माणसाला बोलावलं, त्यानं अर्ध्या तासात सांगितलं की एक्सपान्शन व्हेसल गेलंय. मी जाऊन तिन्ही वेळचे पैसे परत दिले. त्या घेत नव्हत्या, टेबलावर ठेवून आलो.

आमच्या फर्मचा खरा धंदा तिथून सुरू झाला असं मी धरतो. तेव्हापासून नियम एकच, पाणी भरलं म्हणजे काम झालं असं म्हणायचं नाही. बंद सिस्टीम आहे ही, पाणी कमी झालं म्हणजे ते कुठंतरी गेलंय, आणि कुठं गेलं ते सांगता आलं तरच बिल.

काकूंच्या घरी नेमकं काय होत होतं ते सांगतो, कारण निम्म्या घरांत हेच निघतं. 100 लिटर पाणी गारेगार असताना भरलं आणि चांगलं तापवलं की जवळजवळ 3 लिटरनं वाढतं. त्या वाढलेल्या पाण्याला जागा द्यायला एक्सपान्शन व्हेसल, आत रबरी पडदा, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा. हवा गेली किंवा पडदा फाटला की पाण्याला जागाच नाही, मग हीटिंग लावल्यावर काटा सरसर 3 बारला जातो, सेफ्टी वॉल्व उघडतो, पाणी भिंतीबाहेरच्या तांब्याच्या पाइपातून अंगणात, आणि सकाळी थंड झाल्यावर काटा शून्यावर. घरातली फरशी कोरडी ठणठणीत असते म्हणून माणूस चक्रावतो. आम्ही पहिल्यांदा त्या बाहेरच्या पाइपाला प्लास्टिकची पिशवी बांधतो, तिच्यात पाणी साठलं की चोर सापडला. मग सिस्टीमचं प्रेशर उतरवून व्हेसलच्या वॉल्वची पिन दाबायची (गाडीच्या टायरला असते तशीच), पाणी आलं तर पडदा फाटलाय, व्हेसल बदला. काहीच आलं नाही तर पंपानं हवा भरून बघायची. एकदा उघडलेला सेफ्टी वॉल्व बऱ्याचदा घाण अडकून नंतरही ठिबकत राहतो, तोही बदललेला बरा.

हीटिंग बंद असतानाही काटा वर चढत असेल तर मात्र भानगड वेगळी, फिलिंग लूपचा वॉल्व नीट बंद नाही. भरून झाल्यावर ती नळी सोडवून ठेवायची असते, बहुतेक घरांत वर्षानुवर्षं तशीच लटकत असते.

पिशवी कोरडी राहिली तर बॉयलरखालचे पाणी जाण्यायेण्याचे दोन्ही वॉल्व रात्रभर बंद ठेवतो. सकाळी बॉयलरचा काटा पडला तर खोट बॉयलरच्या आत, नाही पडला तर घराच्या पाइपांत. पाइप काँक्रीटच्या फरशीखाली असले की खरी परीक्षा. एका घरात 2 दिवस शोधलं आणि शेवटी मांजर रोज ऊब बघून जिथं झोपायचं तिथंच फरशी फोडली, लीकेज हातभर अंतरावर निघालं. लीकेज बुजवायचं लिक्विड ओता म्हणून लोक मागं लागतात, मी शक्यतो ओतत नाही.

आता आम्ही तिघं आहोत, मी, माझा भाचा आणि एक पोलिश गडी, जो आता "काटा पडला" एवढं मराठी बोलतो. हिशोब बायको बघते, नाइट ड्यूटी करून. ऑक्टोबरअखेर घड्याळं तासभर मागं गेली की फोन सुरू होतात. कुणी नुकतीच रेडिएटरची हवा काढलीय आणि काटा खाली आलाय असं असेल तर आम्ही जातच नाही, व्हिडिओ कॉलवर सांगतो, बॉयलर बंद कर, गार होऊ दे, लूपचे वॉल्व हळूहळू उघड, काटा 1 ते 1.5 बारच्या मधे आला की दोन्ही बंद. त्याचे पैसे नाहीत. कव्हर मात्र उघडू नको म्हणून दोनदा बजावतो, ते काम कार्डवाल्याचं.

भाचा म्हणतो मामा, असं फुकट सांगत बसलास तर धंदा कसा व्हायचा. तो परवाच काकूंकडे सर्व्हिसिंगला जाऊन आला, 3 वर्षांपूर्वी त्यांनी नवा बॉयलर आमच्याकडूनच बसवून घेतला. जाताना त्यांनी त्याला विचारलं म्हणे, "पिशवी आणलीस का रे?"