बाबांची सायकल, आईची नथ आणि काळ्या आकृत्या

बाबांच्या एकसष्टीला डिजिटल स्क्रॅपबुक करायचं मनात आलं आणि पहिली अडचण फोटोंचीच निघाली. पिवळे पडलेले प्रिंट, धूसर चेहरे, आणि मागे कुठलातरी अनोळखी माणूस डोकावतोयच. अशा फोटोंना सिल्हूट फार उपयोगी. माणसाची फक्त बाह्यरेषा ठेवायची आणि आत एकच गडद रंग भरायचा. चेहरा धूसर असला काय, नसला काय!

मी गिम्प हे फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर वापरलं. फुकट आहे आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर बऱ्यापैकी चालतं. त्यात थ्रेशोल्ड नावाची सोय आहे. ० ते २५५ मध्ये एक आकडा निवडायचा; त्याहून गडद ते सगळं काळं, फिकं ते सगळं पांढरं. सिंहगडावर मावळतीकडे पाठ करून उभ्या असलेल्या बाबांचा फोटो यात झटकन निघाला, कारण मागे नुसतं आकाश होतं. पण शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यासमोरचा, सायकल धरलेला फोटो काही दाद देईना. दरवाजा गडद, पँट गडद, सायकलही गडद. आकडा वर-खाली केला की एकतर बाबा दरवाज्यात विरघळायचे, नाहीतर दरवाज्याचे टोकदार खिळे त्यांच्या खांद्यातून उगवायचे.

मग पाथ टूल घेऊन हातानेच रेषा काढली. फोटो भरपूर झूम करून कडेकडेने बिंदू टाकत जायचं, वळणावर बिंदू ओढून रेषा वाकवायची. वेळ खाणारं काम, पण पाथ मोठा केला तरी कडेला दाते पडत नाहीत, हा मोठा फायदा. पान १२ बाय १२ इंचांचं, ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) म्हणजे ३६०० बाय ३६०० पिक्सेल. ३ बाय ५ चा जुना फोटो ३०० ला स्कॅन केला तर जेमतेम ९०० बाय १५०० मिळतात, म्हणून स्कॅन ६०० ला केले.

खरी गंमत आकृतीच्या आतल्या फटींची. कमरेवर हात ठेवला असेल तर कोपर आणि कंबर यांमधला त्रिकोण मोकळा हवा. तो बुजला की माणूस जाड तर दिसतोच, शिवाय हात कुठे गेला ते कळत नाही. मोबाइलवर आपोआप बॅकग्राउंड काढणारं एक ॲप वापरून पाहिलं. त्याने केस छान कापले, पण सायकलची चाकं भरून टाकली. स्पोक नसलेली सायकल बाबांना दाखवायची? शेवटी चाकांच्या आतला भाग पूर्ण खोडला आणि स्पोक बारीक रेषांनी नव्याने काढले. मूळ फोटोत होते त्यापेक्षा कमी आहेत, पण नजरेला पुरतात.

आईचा नऊवारीतला फोटो समोरून काढलेला. काळा रंग भरल्यावर आई पाहून म्हणाली, "अगं, हे तर वांगं दिसतंय. माझी नथ कुठाय?" तिचं बरोबर होतं. समोरच्या चेहऱ्याला बाह्यरेषेत नाकच नसतं, तर नथ कुठून येणार? त्यामुळे बाजूने काढलेला फोटो शोधला. त्यात नाक, हनुवटी, अंबाडा आणि नाकाखाली डोकावणारी नथ, सगळं कडेवरच होतं.

नातवंडांचे फोटो मात्र नव्याने काढले, वेताळ टेकडीवर संध्याकाळी. मोबाइलच्या स्क्रीनवर आकाशाला टॅप करून उजेड खाली ओढला आणि स्वतः जवळजवळ जमिनीवर बसले. उभ्याने काढलं तर मुलांचे पाय टेकडीच्या काळ्यात जातात. दोघांना एकमेकांना चिकटू न देणं, हे त्यातलं सगळ्यात अवघड काम!

सेव्ह करताना पीएनजीच. जेपीजीत पारदर्शक भाग राहत नाही, आकृतीमागे पांढरा चौकोन येतो. आकृतीच्या लेयरवर (थरावर) अल्फा टू सिलेक्शन करून, म्हणजे फक्त आकृतीपुरता भाग निवडून, मग पैठणीच्या काठाचा फोटो त्या सिलेक्शनच्या मास्कमध्ये (बाहेरचं झाकणाऱ्या साच्यात) बसवला की आईची आकृती जरतारी होते. बाबांना ते करून पाहिलं, शोभलं नाही. त्यांना गडद निळाच ठेवला.